साक्षीवाचून शिकार नाही

वाचून झाले तरी कोकिळेने वही मिटली नाही. शेवटच्या ओळीवर बोट तसेच ठेवून ती बसून राहिली. मळ्याकडून डिझेल इंजिनाचे ठोके येत होते आणि त्या ठोक्यांनी ओसरीवरची शांतता फुटण्याऐवजी अधिकच टणक होत चालली होती. उंबऱ्याच्या आडोशाला कोकिळेची आई, झुंबरबाई, सुपातल्या लाल मिरच्यांची देठे खुडत बसली होती. तो बारीक आवाज मघाशी, वाचन अर्ध्यावर असतानाच, थांबला होता. जानेफळच्या वामनरावांनी तो थांबल्याचे ऐकले होते. उभा जन्म रानाला कान लावून बसलेल्या माणसाला कोणता आवाज नेमका केव्हा थांबला हे कळते. का थांबला, हे कळून घ्यायचे की नाही, ते मात्र त्याच्या मर्जीवर असते.

सतरंजीवर त्यांच्या पुढ्यात एक छापील कागद होता आणि कागदावर टोपण काढलेले फाउंटन पेन. कागदाचा मथळा होता ‘साक्षपत्र’. त्याखाली लेखाचे नाव वामनरावांनी आपल्या वळणदार अक्षरात आधीच भरून ठेवले होते: ‘नाल्यातला बिबट’. आणि त्याखाली, साक्षीदाराच्या सहीसाठी, एक रिकामी रेघ. त्या रेघेसाठी ते पहाटे जानेफळहून निघाले होते. मेहकर, खामगाव, शेगाव असे गाड्या बदलत दुपारी वरवट बकालला उतरले होते. ज्यांची सही हवी होती त्या उकंडरावांनी एस.टी.च्या थांब्यावरून त्यांना हाताला धरून घरी आणले. तेरा वर्षांनी भेट झाली होती. पाय धुवायला पाणी आले, चहा आला, जुन्या हंगामांच्या गोष्टी निघाल्या. पेन कागदाला टेकवण्याचाच काय तो अवकाश होता. तेवढ्यात उकंडरावांची पुतणी आतून वही घेऊन आली आणि म्हणाली, “सहीच्या आधी एकडाव ऐकून घ्या, मोठेबाबा. मी खामगावहून वहीत उतरून आणलं आहे.”

उकंडरावांना केवढा आनंद झाला होता. “वाच, वाच. भाऊसाहेब, कॉलेजात शिकते बरं पोरगी. आमच्या खानदानात पहिली. तुमचंच लेह्यलेलं तुमाले वाचून दावते, पाहा आता.”

आता ते गुडघ्यांना हातांची मिठी घालून समोरच्या भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना फोटो होता: शिकारीसाठी रान उठवणारे दहाबारा हाकेवाले एका ओळीत, आणि मधोमध गळ्यात डफडे अडकवलेला, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेला अर्जुन. उकंडरावांचा धाकटा भाऊ. कोकिळेचा बाप.

“हे आपल्या अर्जुनाचंच हाय का?” शेवटी उकंडरावांनी विचारले.

“हाव.”

“अन् लेह्यलं भाऊसाहेबांनी?”

“खाली नाव आहे त्यायचं,” कोकिळा म्हणाली. “अन् त्याच्या खाली तुमचं.”

*

‘मृगयाविहार’ हे नाव आज सांगितले तर ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील. पण वामनरावांच्या तरुणपणी महिन्याच्या सात तारखेला जानेफळच्या पोस्टात त्याचा गुंडाळलेला अंक येई, आणि घरी नेईपर्यंत त्यांना धीर धरवत नसे. पोस्टाच्या पायरीवरच ते करंगळीने वेष्टन फाडीत. आत काडतुसांच्या, बॅटऱ्यांच्या आणि केशवर्धक तेलाच्या जाहिराती असत. ‘वाटाड्या’ या टोपणनावाने कुणी एक जण पाणवठ्यावरच्या पहाटेबद्दल असे लिही, की वाचणाऱ्याच्या घोट्याला दव लागावे. ‘गळकरी’ मासेमारीवर लिही. बेळगावकडचे एक डॉक्टर अस्वलांवर लिहीत, आणि त्यांच्या प्रत्येक लेखात अस्वल शेवटी मागच्या पायांवर उभे राही. बी.ए. होऊन घरच्या शेतीवर परतलेल्या, गावात कविता वाचून दाखवायला एक माणूस नसलेल्या वामनरावांना ही मंडळी म्हणजे आपले खरे गणगोत वाटे. कपाशीच्या हिशेबात बुडालेले घर एकीकडे आणि ती सात तारीख एकीकडे.

एकोणसाठ साली मासिकाच्या लेखकांचा मेळावा भरला तेव्हा ते पुण्याला गेले. जायला नको होते. ‘वाटाड्या’ दम्याचा विकार असलेला एक कारकून निघाला. पर्वती चढतानासुद्धा तो मध्ये तीनदा बसे. ‘गळकरी’ मासे खात नव्हता, आणि पाण्याची त्याला लहानपणापासून भीती होती. अस्वलवाले डॉक्टर तेवढे खरे होते. त्यांना डावा कान नव्हता, आणि मेळाव्याचे दोन दिवस ते कुणाशी चार वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. संपादकांनी वामनरावांना बाजूला घेतले आणि खांद्यावर हात ठेवून म्हटले, “मजकूर अस्सल आहे हो तुमचा. पण भाषा जरा धुऊन घ्या. वऱ्हाडचा धुरळा आहे तिच्यावर.”

तेव्हापासून वामनराव भाषा धूत राहिले. मले, तुले, काऊन, सारे दगडावर आपटून काढले. रानात जे ऐकले ते कागदावर येईतो परीटघडीचे होई. त्यांच्या लेखांतले हाकेवाले सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलत, आणि मरतानाही व्याकरण सांभाळीत.

त्याच मेळाव्यानंतर संपादकांनी थापाड्यांना आळा घालण्यासाठी नियम केला. मुखपृष्ठाच्या आत ठळक अक्षरांत तो दर महिन्याला छापून येई: साक्षीवाचून शिकार नाही. प्रत्येक लेखासोबत जागेवर हजर असलेल्या माणसाचे सही केलेले साक्षपत्र हवे. त्याच्याखाली बारीक टाइपात दुसरा नियम होता. जखमी जनावराच्या मागे शिकाऱ्याने स्वतः जावे. दुसऱ्यास धाडल्याचे आढळल्यास त्या लेखकाचा मजकूर पुन्हा घेतला जाणार नाही.

वामनरावांचा साक्षीदार ठरलेला होता. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचा हिवाळी मुक्काम वरवट बकालमध्ये पडे, आणि माग काढण्यात उकंडासारखा माणूस त्या अंगाला दुसरा नव्हता. मऊ मातीवर नुसता हात फिरवून तो सांगे, की जनावर गेले तेव्हा दव पडले होते की नव्हते. अक्षरओळख मात्र नव्हती. सही करायला त्याला वामनरावांनीच शिकवले, साक्षपत्रांच्याच कोऱ्या पाठीवर, एका दुपारी, शेकोटीच्या विझल्या राखेजवळ. उ-कं-ड-रा-व. पाच अक्षरे काढता काढता त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि पाचवे पुरे झाल्यावर तो कागद हातात धरून त्याने असा पाहिला होता, जसा एखादा आपलाच ठसा चिखलात पाहतो. मग पोस्टाच्या खेपा वाचाव्यात म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच दहा दहा कोऱ्या साक्षपत्रांवर तो सह्या करून देऊ लागला. शिकार व्हायच्या आधी साक्ष तयार असे. यात काही वावगे आहे असे दोघांपैकी एकालाही वाटले नाही. माणसावर विश्वास होता, आणि कागद तर काय, कागदच.

आता मासिक बंद पडले होते. शिकारीलाच कायद्याने बंदी आल्यावर शिकारीच्या मासिकाला कोण विचारतो? वामनरावांची दुनळी पोलीस ठाण्यात जमा होती. म्हाताऱ्या संपादकांनी जाता जाता निवडक लेखांचा एक ग्रंथ काढायचे ठरवले होते, आणि त्यांच्या पत्रात लिहिले होते की ग्रंथाचा आरंभ ‘नाल्यातला बिबट’ने होईल, मात्र एकसष्टच्या पुरात कार्यालयातली साक्षपत्रे वाहून गेली असल्याने नवे साक्षपत्र धाडावे, नियमाला अपवाद नाही. वामनरावांनी ते पत्र इतक्यांदा वाचले, की घडीवर कागद विरला. त्यांच्या नावावर दुसरे पुस्तक नव्हते. होण्याची आशाही नव्हती. उभ्या आयुष्यातून मागे राहील असे जे काही होते, ते त्या अकरा पानांत होते.

*

“तुले हे कुठी गावलं?” उकंडरावांनी विचारले.

“वर्गात,” कोकिळा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. परीक्षेत तोंडी उत्तर द्यावे तसा सरळ होता. “मराठीच्या सरांनी एक उतारा लिहून देला. वर्णनशैलीचा नमुना म्हणून. ‘संध्याकाळ नाल्यात उतरली ती पाणी प्यायला आलेल्या जनावरासारखी, मान खाली घालून.’ सर म्हणे, असं वाक्य लिहायले जन्म लागते.”

वामनरावांच्या छातीत काहीतरी हलले. ते काय होते हे ओळखून त्यांनी लगेच मान खाली घातली. या घडीलासुद्धा, या ओसरीवरसुद्धा, त्यांना बरे वाटले होते.

“मंग त्या उताऱ्यात एक हाकेवाला येते. नाव नव्हतं. शिकारी त्याले ‘जाऊ नकोस’ म्हनते, तरी तो दारूच्या अमलात जाळीत घुसते, बिबटाच्या मिशा उपटून इकाच्या म्हनून. खाली प्रश्न होता: हाकेवाल्याच्या स्वभावातला कोणता दोष त्याच्या मरणास कारण झाला? एका शब्दात उत्तर लिहा.” ती थांबली. “मी लिहिलं, लोभ. सरांनी बरोबरची खूण केली. चार दिवसांनी ते म्हणे, लेखक आपल्याच जिल्ह्यातले आहेत, अन् घटना वरवट बकालची. मंग मी सरांजवळून मासिकाची बांधलेली फाईल मागितली. घरी न्याले मिळत नव्हती. तीन दुपारी बसून उतरून काढलं.”

वही तिने सतरंजीवर ठेवली. निळ्या शाईत, शाळकरी टपोऱ्या अक्षरात उतरलेली ती अकरा पाने. वामनरावांना त्यातला ‘मी’ दिसला. ‘मी त्यास परोपरीने बजावले.’ ‘मी हताशपणे पाहत राहिलो.’ पानोपानी तो ‘मी’ त्या मुलीच्या हाताने लिहिलेला होता.

उकंडराव अजून फोटोकडेच पाहत होते. “भाऊसाहेब, हा फोटो तुमी देला तवा काय म्हटलं होतं? याद हाय का?”

वामनरावांनी सतरंजीची एक दशी बोटाने सरळ केली.

“तुमी म्हटलं, उकंडा, तुह्या भावाचं नाव छापून आलं. वीर म्हून आलं. पुस्तक मांगतलं तर म्हटलं, अंक सरले. मी साऱ्या गावाले सांगतलं. सोयऱ्याधायऱ्यात सांगतलं. दसऱ्याले इळ्या-कुऱ्हाडीच्या पूजेच्या संगं याची पूजा करतो आमी. तेरा वर्सं झेंडूची माळ घालून राह्यलो.” ते एकदम हसले, पण ते हसू तोंडातच वाळले. “दारूड्या मेला म्हून माळ घालून राह्यलो काय मी?”

“उकंडराव, तसं नाही.”

“मंग कसं? समजावून सांगा. मी अडानी मानूस हाय, सहीपुरता.”

आतून बांगड्या वाजल्या. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, झुंबरबाई कधी तोंड उघडत नसे. दिराशी-सासऱ्याशी जे बोलायचे ते लेकीच्या तोंडाने. उंबऱ्याआडून तिचा आवाज आला, पदरातून गाळलेला.

“कोकिळे, त्यायले पूस. त्या दिसापासून तीन दिवस मी उशाशी होती. पान्यासाठी तोंडाजवळ कान नेत होती. दारूचा वास कवा आला, ते पूस.”

कोकिळेने विचारले नाही. ऐकणाऱ्याने ऐकले होते.

वामनरावांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. डोळ्यांपुढे ओसरी पुसट झाली आणि तिच्या जागी तो नाला आला, जो त्यांच्या अकरा पानांत होता तो नव्हे, दुसरा. एकसष्टचा जानेवारी. हाका चार वाजता सुटला होता. बिबट डाव्या अंगाने आला, त्यांनी घाईने बार काढला, आणि गोळी पोटात बसली हे त्यांना आवाजावरूनच कळले. हाडावर बसलेल्या गोळीचा आवाज वेगळा. जनावर घाणेरीच्या जाळीत घुसले. रीत सर्वांना ठाऊक होती: आता सकाळपर्यंत कुणी हलायचे नाही, आणि सकाळी पुढे जायचे ते ज्याने जखमी केले त्याने. पण खामगावचा फोटोग्राफर आला होता. दुपारी त्याने हाकेवाल्यांचा एक फोटो काढून ठेवला होता. बिबटासोबतचा शिकाऱ्याचा फोटो बाकी होता, आणि उजेड अर्ध्या तासाचा होता. पहाटे त्याला परत जायचे होते. वामनराव मचाणावरून उतरले. जाळीकडे पाठ करून त्यांनी आवाजात बेफिकिरी आणली. “उकंडा, पाह्य बरं पडलं का.”

उकंडा त्यांच्याकडे पाहत राहिला. रीत त्याला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मग त्याने मागे वळून भावाला हाक मारली. “अर्जुना, जा बे तू. तुहे पाय हलके हायेत.” अर्जुनाने हसत डफडे काढून शेजारच्याच्या गळ्यात घातले आणि तो जाळीकडे गेला. पुढचे सगळे एवढ्या वेळात झाले, की डफडे घेणाऱ्याने ते धड अडकवलेही नव्हते. बिबटाला शेवटी मारले ते उकंडाच्या कुऱ्हाडीने. बंदुकीत दुसरा बार होता. वामनरावांना तो आठवला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, याच घराच्या अंगणात, आत अर्जुन कण्हत असताना, निंबाखाली बसलेल्या वामनरावांना ते वाक्य सुचले होते. संध्याकाळ नाल्यात उतरली ती. कुणी तरी कानात येऊन सांगावे तसे, सबंध, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. त्यांनी ते खिशातल्या पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतले. तिसऱ्या दिवशी अर्जुन शेगावच्या वाटेवर बैलगाडीत गेला. वाक्य राहिले. वाक्याला एक गोष्ट हवी होती, गोष्टीला नियमात बसणारे मरण हवे होते, आणि पेटीत सही केलेली चार कोरी साक्षपत्रे होती.

*

“मासिकाचा नियम होता,” ते म्हणाले. आपला आवाज त्यांना परक्यासारखा ऐकू आला. “माणसाले आत धाडलं असं लिहिलं असतं, तर त्यायनं छापलं नसतं. माझं नावच काढून टाकलं असतं.”

“तर मंग नसतं लिहाचं,” कोकिळा म्हणाली.

एवढे साधे उत्तर त्यांना तेरा वर्षांत सुचले नव्हते, असे नव्हे. सुचले होते, अनेकदा, आणि दर वेळी त्यांनी ते मागच्या दाराने बाहेर घालवले होते.

“तुले नाही समजणार ते, बाई.”

“मी उतरून काढलं ना काकाजी सारं. समजत समजतच उतरलं.” तिने वहीचे पान उलटले. “एका ठिकाणी तुमी लिहिलं, माझे बाबा जाळीतून वरडले, ‘धावा हो धावा, मला वाचवा.’ माझे बाबा ‘मला’ म्हणत होते काय? मोठेबाबा, काय म्हटलं होतं त्यायनं?”

उकंडराव गुडघ्यांची मिठी सोडून पुढे वाकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “मले म्हटलं त्यानं. दादा म्हटलं.”

इंजिनाचे ठोके चालूच होते. कुठल्याशा वाफ्यात पाणी भरून वाहायला लागले असेल, एरवी उकंडराव आतापर्यंत दोनदा उठून गेले असते. त्यांनी तो छापील कागद उचलला आणि उलटसुलट करून पाहिला, वाचता येत असल्यासारखा.

“म्हंजे मी सही केली याच्यावर. माह्या हातानं.”

“कोरी होती तवा.”

“मानसाची सही कोरी कशी राह्यते, भाऊसाहेब? कागद कोरा असन. सही तं माही होती.” त्यांनी कागद खाली ठेवला, पण सोडला नाही, अंगठ्याखाली दाबून ठेवला. “तुमी शिकोली. तवा वाटलं, देवमानूस हाय. आपल्याले अक्षर देलं. अक्षर कायले देलं ते आज समजलं.”

वामनरावांना वाटले, उठून जावे. चारची शेगाव गाडी अजून मिळाली असती. पण जायचे तर रिकाम्या रेघेसह जायचे होते, आणि संपादकांना काय कळवायचे? साक्षीदार हयात नाही, असे? तसेही लिहिता आले असते. ते किती सहज सुचले, हे पाहून त्यांना स्वतःची किळस आली. आणि त्या किळसेतच, फार वर्षांनी, खरे बोलण्याची एक प्रकारची भूक लागली.

“मी बदलून लिहितो,” ते म्हणाले. “ग्रंथात जसंच्या तसं जाऊ देत नाही. जे झालं ते लिहितो. नाही छापलं तर नाही छापलं.”

“कवा?” कोकिळेने विचारले.

“घरी गेलो की.”

“घरी गेल्यावर तुमाले दुसरं वाक्य सुचन.” तिने वही उलटी केली, मागचे कोरे पान उघडले, आणि ते पेन उचलून त्यांच्यापुढे धरले. “इथीच लिहा. मी उद्या पोस्टात टाकते. साक्षीले आमी सारेच आहोत.”

“हाव, लेहा,” उकंडराव म्हणाले. “आता इथी बसून लेहा. सारं लेहा. काही मांगं ठेवू नका. माह्या भावानं दारू पेली नव्हती, मिशायचा लोभ केला नव्हता, त्याले धाडलं म्हून तो गेला, हे लेहा. पोरगी वाचून दावन, अन् मंग मी सही करतो. डोये उघडे ठेवून करतो.”

वामनरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर कावा नव्हता. राग होता, दुःख होते, आणि एक धुतलेली, स्वच्छ खात्री होती. वामनरावांना ती खात्री ओळखीची वाटली. म्हणजे त्या अकरा पानांनी एकट्या त्यांनाच झाकले नव्हते. न वाचलेल्या त्या गोष्टीखाली हा माणूसही तेरा वर्षे निवांत झोपला होता. दर दसऱ्याच्या माळेखाली त्याने ती एक हाक इतकी खोल पुरली होती, की आता तिच्यावर उभा राहून तो दुसऱ्याकडे खरे मागत होता.

त्यांनी पेन घेतले. वहीच्या पानावर तारीख घातली. लिहिले: हाका चार वाजता सुटला. माझी गोळी पोटात बसली. पुढचे वाक्य आले, तेही धुतलेले नव्हते: मी भ्यालो होतो. कोकिळा त्यांच्या खांद्यावरून वाचत होती, आणि प्रत्येक ओळ संपली की मोठ्याने म्हणत होती, उकंडरावांसाठी, आणि उंबऱ्याआडच्या आईसाठी. तिच्या आवाजात ती वाक्ये उघडीबोडकी वाटत होती. उकंडराव मान हलवत होते.

“‘उजेड चालला होता आणि मला फोटो हवा होता,’” कोकिळेने वाचले. “‘रीत मोडून मी माणूस आत धाडला. मी म्हणालो,’”

पेन थांबले.

“काय म्हणाले?” तिने विचारले.

“‘पाह्य बरं पडलं का.’”

“तसंच लिहा. धुऊ नका.”

त्यांनी तसेच लिहिले. मग वर न पाहता म्हणाले, “कोणाले म्हटलं, तेही लिहावं लागन.”

“माझ्या बाबाले.”

वामनरावांनी पेन कागदावरून उचलले. जे सांगायचे होते ते खरे होते. आणि तरीही ते सांगायला तोंड उघडताना त्यांना आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीत तीच जुनी, ओळखीची ताठरता जाणवली. जनावर नेमक्या जागी येऊन थबकले आहे, आणि आता फक्त बोट आवळायचे आहे. खरे सांगावे म्हणून ते सांगत होते, की दुसरा कुणी तरी आपल्याबरोबर खाली यावा म्हणून, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

“नाही,” ते म्हणाले. “अर्जुनाशी मी एक शब्द बोललो नव्हतो. मी उकंडाले म्हटलं होतं.”

उंबऱ्याआड सूप जमिनीला टेकल्याचा आवाज झाला.

कोकिळेला कळायला थोडा वेळ लागला. तिने वामनरावांकडे पाहिले, मग वहीकडे, मग चुलत्याकडे. उकंडरावांचा अंगठा साक्षपत्रावरून सरकला होता. तोंड जरासे उघडे होते, आणि डोळे फोटोवर नव्हते, कशावरच नव्हते. मातीत एखादा ठसा दिसावा आणि तो आपल्याच पायाचा निघावा, तसे ते खाली पाहत होते.

“मंग बाबा काऊन गेले?” तिने विचारले. “मोठेबाबा, तुमाले म्हटलं होतं, तं बाबा काऊन गेले?”

झुंबरबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिचा पदर डोक्यावर होता, पण तोंडावर नव्हता. वीसेक वर्षे एका घरात राहून उकंडरावांनी भावजयीचे तोंड असे समोरासमोर कधी पाहिले नसावे. लेकीने विचारले होते, तेच तिचे विचारणे होते.

“सांगा ना,” कोकिळा म्हणाली. “त्यायले लिहाचं आहे.”

उकंडराव उठले. उठताना त्यांनी जमिनीला दोन्ही हात टेकले. ओसरीच्या पायरीशी जाऊन त्यांनी पायांनी चपला चाचपल्या; एक सापडली, दुसरी उलटी पडली होती, ती त्यांनी सरळ केली नाही. तशीच एक चप्पल घालून, खुंटीवरचे उपरणे न घेता, इंजिन वाजत होते त्या दिशेने ते मळ्याच्या वाटेला लागले.